ड्वार्फ सिक्लिड ओळखायचा कसा: आधी काळ्या रेघा, मग शेपटी, रंग सगळ्यात शेवटी

ॲपिस्टो म्हणजे ॲपिस्टोग्रामा, टँकमध्ये पाळतात ते छोटे रंगीत ड्वार्फ सिक्लिड मासे. ते घ्यायला गेलं की दुकानात जे नाव सांगतात ते बहुतेक वेळा रंगाचं असतं. डबल रेड, ट्रिपल रेड, फायर रेड, सुपर रेड, इलेक्ट्रिक ब्लू. यातलं एकही जातीचं नाव नाही. सुपर रेड काकाटुऑइड्सही असतो आणि मॅकमास्टेरीही, या ॲपिस्टोच्या दोन वेगळ्या जाती. इलेक्ट्रिक ब्लू म्हणाल तर रॅम नावाचा छोटा सिक्लिडही मिळतो आणि चांगला वीतभर वाढणारा जॅक डेम्पसी हा मोठा सिक्लिडही. मग होतं काय, एका दुकानातून लाल नर आणायचा, दुसरीकडून जी पिवळी मादी मिळेल ती आणायची, दोघं एका टँकमध्ये सोडायचे, जोडी जमली म्हणजे जात एकच असणार असं धरून चालायचं आणि पिल्लं त्याच नावाने पुढे वाटायची. दोन-तीन पिढ्यांनी त्या पिल्लांची जात कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. त्यात चांगल्या चांगल्या जाती आपल्याकडच्या टँकमधून कायमच्या जातात याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं काम होतं. रंग बदलतो, काळ्या रेघांची जागा बदलत नाही. लाल आणि पिवळा रंग खाण्यातून येणाऱ्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यावर चालतो, मासा तो स्वतः तयार करू शकत नाही, त्यामुळे खाणं बदललं की दोन-चार आठवड्यांत लाल फिका नाहीतर गडद होतो. निळा हा तर खरं म्हणजे रंगद्रव्यच नाही, खवल्यांतल्या बारीक स्फटिकांवरून प्रकाश परतताना तसा दिसतो, म्हणून लाइटचा कोन बदलला की तोच मासा निळा, हिरवट किंवा नुसता राखाडी दिसतो. काळा मात्र मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याच्या पेशींचा. त्या पेशी मासा काही सेकंदांत पसरवतो आणि आकसतो, म्हणून रेघ कधी दिसते कधी गायब होते, पण दिसते तेव्हा ती ठरलेल्या जागीच दिसते. ओळख पटवायची ती या जागेवरून.

पहिली पायरी: मासा कुठल्या गटातला

ड्वार्फ सिक्लिड हा काही एक वंश नाही, साधारण १० सेंमीच्या आत राहणारे सगळे सिक्लिड आपण त्यात टाकतो, मग तो ॲमेझॉनचा असो की आफ्रिकेचा. त्यामुळे थेट जात शोधायला बसू नका, आधी गट ठरवा.

अंग लांबट, डोळ्यापासून खाली कल्ल्याच्या कडेकडे तिरकी उतरणारी काळी रेघ, डोळ्यामागून शेपटीकडे जाणारा आडवा पट्टा, आणि नर मादीपेक्षा बराच मोठा, असं असेल तर बहुतेक ॲपिस्टोग्रामा. हा वंश रीगन या शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये वेगळा केला, आज त्यात ९० च्या वर जाती आहेत आणि नाव मिळायच्या बाकी असलेल्याही भरपूर आहेत. सगळ्या दक्षिण अमेरिकेतल्या.

अंग उंच, डोळ्यातून आरपार जाणारी उभी काळी पट्टी आणि पाठीवरच्या फिनचे म्हणजे पराचे पहिले काही काटे काळे असतील तर तो रॅम. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन दोन ओळींत असतील तर डायक्रॉसस, त्यातही नराची शेपटी वीणेसारखी दोन टोकांना लांबलेली असेल तर फिलामेंटोसस, नाहीतर मॅक्युलेटस. अंग लांबट गोलसर आणि मादीचं पोट जांभळट लाल असेल तर पश्चिम आफ्रिकेतला पेल्विकाक्रोमिस, म्हणजे आपला क्रिब. शंखात राहणारे तांगानिका लेकचे छोटे मासे वेगळेच ओळखू येतात, तिथे फक्त मल्टिफॅसिएटस आणि सिमिलिस यांच्यात गोंधळ होतो. सिमिलिसचे उभे पट्टे डोक्यापर्यंत पुढे येतात, मल्टिफॅसिएटसचं डोकं साधं राहतं. बस, एवढं बघितलं की झालं.

आपल्याकडचे सिक्लिडही जाता जाता सांगतो कारण बरेच जण विचारतात. भारतात नैसर्गिकरीत्या तीनच आहेत: गोव्यात ताटात येतो तो कालुंदर, कर्नाटकातला कॅनरेन्सिस, आणि ऑरेंज क्रोमाइड म्हणजे मॅक्युलेटस. हा शेवटचा ८ सेंमीच्या आसपासच राहतो, त्यामुळे आकाराने ड्वार्फमध्ये बसायला हरकत नाही. दुकानात मिळणारा झगझगीत केशरी क्रोमाइड हा निवडून वाढवलेला प्रकार आहे, खाडीतला मूळ मासा पिवळट हिरवट अंगाचा, मधोमध काळा डाग आणि अंगभर ठिपके असलेला असतो. रंगावरून ओळखायला गेलात तर घरचाच मासाही फसवतो.

दुसरी पायरी: मासा रुळू द्या, मग फोटो काढा

दुकानातल्या उघड्या टँकमध्ये, पांढऱ्या तळावर, वीस-पंचवीस मासे कोंबलेले असताना कुठलाच ॲपिस्टो ओळखता येत नाही. घाबरलेला मासा रंग सोडतो, आडवा पट्टा पुसून टाकतो आणि कधी त्याजागी उभे पट्टे आणतो, दबलेला नर तर सरळ मादीसारखा दिसायला लागतो. मोठ्या नराच्या इलाक्यात मादीच्या वेषात राहणारे लहान नर ॲपिस्टोमध्ये असतात हे माहीतच असेल, म्हणजे तुम्ही 'एक नर तीन माद्या' म्हणून आणलेत त्यातली एक 'मादी' दोन महिन्यांनी फिन लांबवून दाखवते.

त्यामुळे दोन-तीन आठवडे द्या. तळाला गडद बारीक वाळू, लपायला नारळाची करवंटी, वर तरंगती झाडं, आणि बदामाची सुकलेली पानं. आपल्या रस्त्याकडेला जो देशी बदाम असतो ना, पावसाळ्यात मुलं ज्याची फळं फोडून खातात, तोच. त्याची गळून पडलेली तपकिरी पानं धुऊन टाका, फक्त फवारणी होते तिथली किंवा गटाराजवळची पानं नकोत. मऊ म्हणजे कमी क्षारांच्या पाण्याची ही मंडळी असल्यामुळे बोअरवेलचं पाणी वापरत असाल तर आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बघून घ्या, जड पाण्यात मासा जगेल पण खुलणार नाही, आणि न खुललेला मासा ओळखायचा म्हणजे डोळे बांधून शोधण्यातला प्रकार.

लाइट साधा पांढरा लावा. आजकालचे लाल-निळे जास्त असलेले लाइट झाडांना छान दिसतात पण त्यात फिकट केशरीही रक्तासारखा लाल दिसतो, विक्रेते फोटो त्याच लाइटमध्ये काढतात. फोटो अगदी बाजूने, मासा काचेला समांतर असताना, फ्लॅश न मारता. आणि एक फोटो पुरत नाही. निवांत असताना एक, दुसऱ्या नराला किंवा आरशातल्या स्वतःला फिन फुगवून दाखवतो तेव्हा एक, घाबरला असताना एक, आणि मादीचे वेगळे. आरसा मिनिटभरच दाखवा, जास्त वेळ ठेवला तर मासा थकतो. तीन सेंमीच्या खालच्या पिल्लांवर वेळ घालवू नका, त्या वयात निम्मे ॲपिस्टो एकसारखे दिसतात.

तिसरी पायरी: काळ्या खुणांची यादी करा

आता कागद घ्या, खरंच घ्या, मोबाइलवर मनातल्या मनात होत नाही. माशाची बाजूची आकृती काढा, कशीही वेडीवाकडी चालेल, आणि तिन्ही फोटोंत मिळून दिसलेल्या काळ्या खुणा त्यावर भरा.

आधी आडवा पट्टा. तो कुठून सुरू होतो, किती रुंद आहे, सरळ आहे की नागमोडी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठे संपतो. शेपटीच्या मुळाआधी थांबतो, मुळाशी असलेल्या ठिपक्याला जाऊन मिळतो, की सरळ शेपटीत घुसतो? एवढ्या एका प्रश्नावर कितीतरी जाती बाजूला पडतात. मग शेपटीच्या मुळाचा ठिपका, गोल आहे, उभा लांबट आहे, की नाहीच. मग गालावरची तिरकी रेघ, जाड की बारीक. मग अंगाच्या मधोमध वेगळा ठसठशीत डाग आहे का, आडवा पट्टा पुसला गेला तरी तो उरतो का. मग आडव्या पट्ट्याच्या खाली, पोटाच्या बाजूला, आणखी बारीक रेघा आहेत का आणि किती. शेवटी उभे पट्टे, ते बहुतेक ॲपिस्टोंमध्ये सातच्या आसपास असतात म्हणून मोजून फार उपयोग नाही, पण एखाद्या जातीत ते कधीच दिसत नसतील तर ती मोठी खूण आहे.

चौथी पायरी: नराची शेपटी, पाठीवरचं फिन आणि तोंड

शेपटी तीन तऱ्हेची धरा. गोल, दोन टोकांना लांबलेली म्हणजे वीणेसारखी, आणि मधोमध एकाच टोकाला निमुळती म्हणजे भाल्याच्या पात्यासारखी. पाठीवरच्या फिनचे पुढचे काटे सुटे लांब होऊन कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात का, की सगळं फिन एकसंध शिडासारखं आहे. तोंड मोठं, ओठ जाड आहेत की छोटं नाजूक. नर पूर्ण वाढल्याशिवाय फिनचा आकार धरू नका आणि कुरतडलेल्या फिनवरून तर अजिबात नको.

या दोन पायऱ्यांवर बाजारात मिळणारे बहुतेक ॲपिस्टो ओळखता येतात. नेहमीचे घेऊ.

काकाटुऑइड्स. पुढचे काटे लांब, तुरा उभा, शेपटी वीणेसारखी, तोंड मोठं, ओठ जाड, जबडा बेडकासारखा भरलेला, आणि आडव्या पट्ट्याखाली पोटाकडे तीन बारीक रेघा. त्या तीन रेघा आणि जाड ओठ दिसले की माझ्यापुरता विषय संपतो, मग मासा लाल असो नाहीतर राखाडी. नर ८ सेंमीपर्यंत, मादी ५. पेरूच्या उकायालीपासून खाली ॲमेझॉनमध्ये ब्राझीलच्या हद्दीपर्यंतचा मासा, होएडेमानने १९५१ मध्ये नाव दिलं. नवीन माणसाला सुरुवातीला हाच घ्या म्हणून सांगतो, थोडं जड पाणीही चालवून घेतो.

अगासिझी. शेपटी भाल्यासारखी आणि रुंद आडवा पट्टा न थांबता सरळ शेपटीत शिरतो. तुरा नाही, पाठीचं फिन एकसारखं आणि मागे टोकदार. श्टाइनडाख्नरने १८७५ मध्ये लुई अगासिझ यांच्या नावावरून नाव दिलं आणि पेरूपासून ॲमेझॉनच्या मुखाकडे हजारो किलोमीटर हा पसरलेला आहे, त्यामुळे रंग इतके की रंगावरून हा ओळखायचा विचारच सोडून द्या. याच्याशी बायटीनिएटाची गल्लत होते, पण बायटीनिएटाच्या अंगावर मुख्य पट्ट्याखाली दुसरा पट्टा असतो आणि नराची शेपटी दोन टोकांची असते.

बोरेली. छोटा, नर ६-७ सेंमी, अंग उंच, शेपटी गोल, पाठीचं फिन मोठ्या शिडासारखं. मोठ्या नरात काळ्या खुणा इतक्या फिक्या पडतात की नुसता निळा अंग आणि पिवळं डोकं दिसतं, आणि हीच त्याची ओळख. पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातला, उत्तर अर्जेंटिनापर्यंत जातो, म्हणून थंडी सोसतो. पुणे-नाशिककडे हिवाळ्यात हीटर नसलेल्या टँकमध्ये इतर ॲपिस्टो मलूल होतात तिथे हा मजेत असतो.

ट्रायफॅसिएटा. नर निळा, तुरा काकाटुऑइड्ससारखा लांब, म्हणून लोक फसतात. पण शेपटी गोल असते आणि छातीच्या फिनच्या मुळापासून गुदफिनकडे, म्हणजे पोटाखालच्या मागच्या फिनकडे, तिरकी जाणारी एक गडद रेघ असते. ती रेघ या वंशात इतकी ठळक दुसऱ्या कुणाची नाही.

मॅकमास्टेरी, विएहिता आणि होंग्सलोई. हे तिघं कुलांडर या शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये एकाच वेळी नावारूपाला आणले, तिघं कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या बाजूचे, आणि तिघांनी मिळून जितका गोंधळ घातलाय तितका कुणी नाही. विएहिता म्हणून विकले जाणारे बहुतेक मासे मॅकमास्टेरी निघतात. मॅकमास्टेरीच्या नराची शेपटी गोल, वरची आणि खालची कड लाल. होंग्सलोईच्या नराला पोटामागे, गुदफिनच्या मुळाजवळून शेपटीच्या देठाकडे जाणारी लाल रेघ असते, ती जागा ठरलेली आहे म्हणून इथे लाल रंग ओळखीला धरला तरी चालतो. विएहिता मात्र वाइल्ड, म्हणजे निसर्गातून पकडलेला, मासा कुठून आणला हे विक्रेत्याने नीट सांगितल्याशिवाय मी कुणालाच विएहिता म्हणत नाही, आणि तुम्हीही म्हणू नका.

निजसेनी आणि पांडुरो. दोघे पेरूचे, दोघांचे नर निळसर आणि शेपटी गोल, कडेने लाल-केशरी रेघ. नरांवरून वेगळं करणं अवघड, पण या दोघांच्या माद्या बाकी सगळ्या ॲपिस्टोंपासून वेगळ्या. पिवळ्याधमक अंगावर रेघांऐवजी मोठाले काळे डाग. त्यातून पुढच्या पायरीकडे येऊ.

पाचवी पायरी: मादीकडे बघा

माद्यांकडे कुणी बघत नाही. खरं तर नराचा रंग हा मिरवायचा असतो, तो दर ठिकाणी, दर पिढीत वेगळा होतो, आणि मादीचा काळा-पिवळा नमुना त्या मानाने फार स्थिर राहतो. अंडी घातली की मादी पिवळी होते, काळ्या खुणा एकदम शाईसारख्या उठतात, आणि तेव्हा काढलेला फोटो नराच्या दहा फोटोंपेक्षा जास्त कामाचा असतो. तिचा आडवा पट्टा तुटून फक्त मधला डाग उरतो का, गालाची रेघ किती जाड होते, पोटाखाली मधोमध काळी रेघ येते का, पोटाच्या फिनची पुढची कड काळी आहे का, हे सगळं टिपा. नॅनाकारा अनोमाला या दुसऱ्या वंशातल्या ड्वार्फ सिक्लिडच्या मादीवर पिल्लं सांभाळताना जाळीसारखा काळा चौकटींचा नमुना येतो, एरवी ती अगदी साधी असते, हा सगळ्यात टोकाचा नमुना.

रॅममध्येही मादी कामाला येते. मादीचं पोट गुलाबी लालसर असतं आणि अंगावरच्या काळ्या डागात निळ्या चकाकत्या टिकल्या असतात, नराचा डाग साधारण कोरा असतो. साधारण म्हणतोय, कारण फार्ममधल्या रॅममध्ये ही खूण आता धड उरलेली नाही. रामिरेझी म्हणजे नेहमीचा रॅम आणि बोलिव्हियन रॅम वेगळे करायला काही कष्ट नाहीत, बोलिव्हियन म्हणजे अल्टिस्पिनोसस मोठा, निळ्या टिकल्या नसलेला, शेपटीची दोन टोकं लांब आणि फिनच्या कडा लालसर.

सहावी पायरी: आता रंग

जात ठरली, आता रंग बघायला हरकत नाही. एकाच जातीत रंग वेगळा असण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि ती एकत्र केली की सगळं बिघडतं.

पहिलं कारण ठिकाण. ॲमेझॉनमध्ये एका ओढ्यातले मासे मोठी नदी ओलांडून पलीकडच्या ओढ्यात सहसा जात नाहीत, हे मासे पानांच्या थरात राहणारे, उघड्या पाण्यात आले की खाल्ले जातात. त्यामुळे ओढ्याओढ्याचा रंग वेगळा. म्हणून अगासिझी तेफे, अगासिझी अलेंकेर असं ठिकाणाचं नाव जोडलेलं असतं, आणि तेफेचा निळा आणि अलेंकेरचा लाल-पिवळा शेजारी ठेवले तर एकच जात वाटत नाही. कदाचित नसेलही. ब्राझीलच्या पूर्व ॲमेझॉनमधल्या केटेई या ॲपिस्टोवर २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वेगवेगळ्या ठिकाणच्या माद्यांना आपल्या आणि परक्या रंगाचे नर निवडायला दिले तर माद्यांनी आपल्याच ठिकाणचे नर निवडले. म्हणजे आपण 'रंगाचा प्रकार' म्हणतो ते मासे आपापसांत स्वतःला वेगळे मानतात, आणि आपण त्यांना टँकमध्ये दुसरा पर्याय न देता जोडीला लावतो.

दुसरं कारण एकाच ओढ्यातलं वैविध्य. क्रिब हे याचं उत्तम उदाहरण. पेल्विकाक्रोमिस पुल्चरच्या नरांत गाल लाल असलेले आणि पिवळे असलेले नर एकाच ठिकाणी असतात, आणि तो नुसता रंग नाही, वागणंही वेगळं. मार्टिन आणि टाबोर्स्की या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की लाल नर बऱ्याच माद्या सांभाळतात, पिवळे एकीशी जोडी करून राहतात, आणि काही नर मोठ्या लाल नराच्या इलाक्यात मदतनीस म्हणून राहतात. पुढे २०१३ मध्ये असंही दिसलं की पिल्लू लहान असताना पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लपणा, काय होता याचा परिणाम नर-मादी प्रमाणावर आणि नर लाल होणार की पिवळा यावरही होतो. ॲपिस्टोंमध्ये तापमानाचं तसंच आहे, रोमर आणि बाइझेनहेर्झ यांनी १९९६ मध्ये २३, २६ आणि २९ अंशांवर पिल्लं वाढवून बघितली, गरम पाण्यात नर जास्त. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काढलेल्या पिल्लांत सगळे नरच निघाले अशी तक्रार येते त्याचं कारण बहुतेक हेच.

क्रिबच्या नावाचा घोळही इथेच निस्तरून घेऊ. दुकानात क्रिबेन्सिस म्हणून मिळतो तो पुल्चर. शास्त्रीय नावाने पेल्विकाक्रोमिस क्रिबेन्सिस हा वेगळा, सडपातळ मासा आहे, कॅमेरूनचा, पूर्वी टीनिएटसमध्ये धरायचे आणि २०१४ मध्ये लांबोय आणि सहकाऱ्यांनी पुन्हा वेगळा केला, त्यात ड्राखेनफेल्सी ही नवी जातही आली. टीनिएटस आता नायजेरिया-बेनिनच्या बाजूचाच. त्यामुळे जुन्या यादीत 'टीनिएटस मोलिवे' लिहिलेलं दिसलं तर तो आजचा क्रिबेन्सिस, आणि मोलिवे, लोबे, बिपिंडी ही ठिकाणांची नावं, ती कधीच गाळू नका.

तिसरं कारण मूड, वय आणि खाणं. ते वर येऊन गेलं. लाल वाढवायचा असेल तर आर्टेमिया, सायक्लॉप्स असे बारीक जलजीव द्या, पण दुसऱ्याच्या टँकमधल्या फोटोशी तुलना करताना खाण्याचा फरक वजा करा.

सातवी पायरी: नैसर्गिक रंग की निवडून काढलेली स्ट्रेन

काकाटुऑइड्सच्या काही वाइल्ड नरांच्या शेपटीवर केशरी-लाल ठिपके असतातच, काहींच्या नसतात. तेवढ्यावरून युरोपातल्या ब्रीडरांनी निवडत निवडत डबल रेड म्हणजे दोन फिन लाल, ट्रिपल रेड म्हणजे पाठीचं, शेपटीचं आणि गुदफिन तिन्ही लाल, ऑरेंज फ्लॅश वगैरे काढले. यात वाईट काहीच नाही, मेहनतीचं काम आहे. फक्त त्याला वाइल्ड म्हणून विकू नये.

ओळखायला या गोष्टी बघा. संपूर्ण बॅचमधले सगळे नर अगदी एकसारखे लाल असतील तर स्ट्रेन. लाल रंग फिनच्या कडेपर्यंत सलग भरलेला असेल तर स्ट्रेन, वाइल्ड माशात तो ठिपक्यांत, कडेत, तुटक असतो. काळ्या खुणाच फिक्या किंवा गायब असतील, गोल्ड रॅमसारख्या, तर ती स्ट्रेनच, निसर्गात तो मासा दुसऱ्या दिवशी बगळ्याच्या पोटात. इलेक्ट्रिक ब्लू रॅम, बलून रॅम, अल्बिनो क्रिब, सुपर रेड मॅकमास्टेरी, सगळे याच यादीत. जर्मन ब्लू रॅमही वेगळी जात नाही, रामिरेझीच आहे, १९४८ मध्ये नाव मिळालेला ओरिनोकोच्या मैदानातला मासा, वाइल्ड रॅम त्याच्यापेक्षा सडपातळ आणि रंगाने सौम्य असतो आणि मला तरी तो जास्त देखणा वाटतो. बलून तर मी कुणालाच घ्यायला सांगत नाही, मणका आखडलेला मासा आहे तो.

हॉर्मोन दिलेल्या माशांचं वेगळं सांगावं लागेल. लहान वयातच झगझगीत रंग, माद्यांनाही नरासारखा रंग आणि लांब फिन, आणि घरी आणल्यावर काही आठवड्यांत रंग उतरत जाणं, असं असेल तर शंका घ्या. असे मासे बऱ्याचदा ब्रीड होत नाहीत. कुर्ल्याच्या मार्केटमध्ये असो नाहीतर कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर, अर्धवट वाढलेले पण पूर्ण रंगलेले मासे दिसले तर मोह आवरा आणि त्याच टँकमधले फिकट, सावध, खाण्यावर झडप घालणारे मासे निवडा.

आठवी पायरी: नाव लिहून ठेवा

जितकं माहीत आहे तितकंच लिहा. जात आणि ठिकाण दोन्ही पक्कं असेल तर दोन्ही लिहा, उदाहरणार्थ 'अगासिझी, अलेंकेर, एफ१', एफ१ म्हणजे वाइल्ड आईबापांची पहिली पिढी. जात पक्की पण ठिकाण नाही तर फक्त जात. जातीसारखा दिसतो पण खात्री नाही तर मध्ये 'सीएफ' घाला, जवळचा आहे पण वेगळा वाटतो तर 'ॲफ', आणि काहीच पत्ता नाही तर 'ॲपिस्टोग्रामा एसपी' एवढंच. 'एसपी' लिहिण्यात कमीपणा नाही, युरोपातले जुने जाणते ब्रीडर वर्षानुवर्षं तसं लिहितात. स्ट्रेन असेल तर स्ट्रेनचं नाव लिहा. कधी, कुणाकडून घेतला तेही.

मिसळायचं काय आणि काय नाही याचा माझा नियम सरळ आहे. ठिकाण लिहिलेला मासा फक्त त्याच ठिकाणच्या माशाशी. स्ट्रेन फक्त त्याच स्ट्रेनशी. मॅकमास्टेरी गटातल्या माद्या एकमेकींसारख्या असतात म्हणून नर आणि मादी शक्यतो एकाच बॅचमधून घ्या, सहा-आठ पिल्लं एकदम घेऊन जोडी त्यांची त्यांना जमवू द्या. एका टँकमध्ये एका गटाच्या दोन जाती ठेवू नका, पर्याय नसला की हे मासे परक्या जातीशीही जोडी करतात. आणि नकळत झालीच मिश्र पिल्लं तर ती वाढवा, बघा, त्यांचे फोटो काढा, पण 'मिश्र' असं स्पष्ट लिहिल्याशिवाय कुणाला देऊ नका आणि नदी-तळ्यात तर सोडूच नका.

पिल्लं देताना पिशवीवर मार्कर पेनने नाव, ठिकाण किंवा स्ट्रेन, आणि आईबापांचे दोन फोटो व्हॉट्सॲपवर, मादीचा अंड्यांवर असतानाचा असेल तर तोच आधी पाठवा.